मिठाचा हात

बाय, माझं तुझ्याशी भांडण आहे. तू जाऊन आज सोळा दिवस झाले. तेरावं उरकलं, मुंबईची माणसं आपापल्या गाड्या पकडून गेली, आणि काल संध्याकाळी मला कळलं की गेली चार-साडेचार वर्षं तू मला सरळ सरळ वेड्यात काढत होतीस. आता जाब विचारायला जावं तर तू जागेवर नाहीस. ही आणखी एक लबाडी. म्हणून लिहिते. वाचणार नाहीस ते ठाऊक आहे, पण मी बोललेलं तरी तू कधी पुरतं ऐकून घेतलंस?

तुझी मिनल म्हणाली, "काकी, आईवर चार ओळी लिही, गावच्या ग्रुपवर टाकूया. माहेर कुठलं, कष्टाळू स्वभाव, मनमिळाऊ..." मी म्हटलं, ते तूच लिही बाई, आणि मनमिळाऊ लिहायच्या आधी मला एकदा विचार. मनमिळाऊ म्हणे! चोवीस वर्षं एका चुलीपाशी काढली मी तुझ्याबरोबर.

मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला विहीर दाखवली, गोठा दाखवला, चूल दाखवली, आणि मग तुझ्याकडे बोट केलं. "ही तुझी थोरली जाव. हिला बाय म्हणायचं. आणि मिठाच्या बरणीला हात लावायचा नाय." मला वाटलं, नव्या सुनेची थट्टा करतायत. कसली थट्टा! या घरात मिठाचा हात एकच, हा दंडक. स्वयंपाकाला चारजणी असोत, मीठ घालणार एकटीच. म्हणजे दोनदा पडत नाही, राहूनही जात नाही, आणि चव रोज तीच राहते. सासूबाईंच्या हाताला कंप सुटला तेव्हा त्यांनी ती टवका उडालेली चिनी मातीची बरणी तुझ्यापुढे सरकवली होती. तेव्हापासून मीठ तुझं.

खोबरं मी खवायचं, वाटण मी वाटायचं, बांगडे मी साफ करायचे, चुलीचा धूर मी खायचा. आणि सार उकळी धरायला लागलं की तू पदराला हात पुसत येणार, चिमटीने मीठ टाकणार, पळीतला एक थेंब तळहातावर घेणार, जिभेला लावणार, डोळे मिटणार आणि म्हणणार, "हां." त्या एका "हां"ने अख्खं कालवण तुझं होऊन जायचं. तुझे यजमान, आमचे भावजी, जेवताना म्हणायचे, "आज झकास झालंय हां," आणि बघायचे तुझ्याकडे. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा केली ना मी हिंमत? तू विहिरीवर गेलेलीस, तिथे शेजारच्या सुगंधाशी गप्पांत अडकलीस, इकडे मुंबईचे पाहुणे पाटावर बसलेले. मी घातलं मीठ. तू आलीस, न विचारता परत घातलंस. सुरमईचं कालवण होतं गो, चांगलं किलो-दीड किलोचं! पाहुणे तांब्यांवर तांबे पाणी प्याले आणि ताकभातावर उठले. त्यानंतर तीन दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. चौथ्या दिवशी मीच म्हटलं, "मेले तरी तुमच्या मिठाला हात लावणार नाही." तर तू म्हणालीस, "तू नाय गो मरत एवढ्यात. मी जाईन आधी. मग घाल काय घालायचं ते."

तेव्हा मी तुला तुम्ही म्हणायचे. तू झालीस ती कोल्हापुरात.

सहा वर्षांमागे तुला घास गिळताना टोचायला लागलं. तू म्हणालीस, माशाचा काटा असेल. महिनाभर एकच काटा कसा टोचेल, असं मी म्हटलं तर म्हणालीस, "मोठा मासा असंल." रत्नागिरीच्या डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून बघितलं आणि त्यांचं तोंड उतरलं. जिभेच्या मुळाशी गाठ. इतकी वर्षं दातांना मिशरी चोळलीस, ती वसूल झाली. तिथे कापाकापी करण्यापेक्षा लाईट, म्हणजे किरणं, द्यायचं ठरलं, आठवड्यातून एकदा सलाईनमधून औषध आणि रोज मशीनखाली. भावजींना दवाखान्याच्या वासानेच घेरी येते, म्हणून बरोबर मी आले. सात आठवडे आपण दोघी घाटावर, कोल्हापुरात, दवाखान्यामागच्या एका खोलीत. घरमालकीण पहिल्या दिवशी म्हणाली, "ताई, मासं न्हाई मिळायचं हितं, पर तांबडा रस्सा देतो की!" तू मला कानात म्हणालीस, "कॅन्सरने नाय मेले तर ही मारील."

मशीनखाली मान जराही हलायला नको म्हणून त्यांनी तुझा मुखवटा केला. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ केली आणि तुझ्या तोंडावर, मानेवर दाबून बसवली. थंड झाल्यावर नाक, हनुवटी, कपाळ, सगळं हुबेहूब तुझं. मग रोज तो चढवायचा आणि पाटाला खटाखट अडकवायचा. तू त्या पोरांना म्हणालीस, "आमच्याकडे शिमग्याला सोंगं असा मुखवटा लावतात, पण ती नाचतात तरी. तुम्ही तर बांधूनच घालता!" पोरं हसली. त्यानंतर तू गेलीस की ती म्हणायची, "आल्या शिमग्याच्या मावशी."

आणि ती डॉक्टरीणबाई, मिनलच्याच वयाची. तिने समोर बसवून सगळं नीट सांगितलं. किरणांचा नेम गाठीवर असतो, पण गाठीच्या आजूबाजूला, वाटेत, चांगलं मांसही असतं. त्यालाही थोडं लागतंच. फरक एवढाच की चांगल्या पेशींना स्वतःची डागडुजी करता येते, गाठीच्या पेशींना ती तितकी जमत नाही. म्हणून एका दमात न देता रोज थोडंथोडं द्यायचं, शनिवार-रविवार सुट्टी, म्हणजे चांगल्याला सावरायला सवड मिळते. मी नुसती मान हलवत होते. तू म्हणालीस, "म्हणजे भाजावळ."

तिला काही कळेना. मग तूच तिची मास्तरीण झालीस. "पावसाच्या आधी आम्ही भाताची दाढ, म्हणजे रोपं करायची जागा, भाजतो. वाफ्यावर शेण, फांद्या, पालापाचोळा पसरायचा आणि आग लावायची. तणाचं बी मरतं, मग तिथं भात पेरायचं. पण आगीला बांध कळत नाय बाई. बांधावरची हरळी पण करपते. हरळीचं काय नाय, पाऊस पडला की येते वर. पण बांधालगत मिरीचा वेल लावलेला असला आणि त्याच्या मुळाला धग लागली, तर तो येईल असं कोण सांगणार? तर मला एवढंच सांगा, माझ्या तोंडात हरळी कुठली नि मिरीचा वेल कुठला?"

डॉक्टरीणबाई आधी हसली, मग गंभीर झाली. म्हणाली, कातडी हरळी. तोंडातलं नाजूक अस्तर हरळी, सोलवटेल पण भरून येईल. चव उशिरा येणारी हरळी, बहुतेकांची येते, पण शब्द देत नाही. आणि जबड्याखाली, कानापाशी लाळेच्या गाठी असतात, त्यांना होईल तेवढं वाचवू. "म्हणजे तो मिरीचा वेल," तू म्हणालीस. ती "हो" म्हणाली. तू उठताना तिच्या डोक्यावरून हात फिरवलास. बाहेर आल्यावर मात्र पायरीवर बसलीस आणि मला म्हणालीस, "रंजे, चव गेली तर?"

जीव गेला तर, असं नाही विचारलंस. चव गेली तर! मी म्हटलं, "नाही जात. आणि गेली तर येईल, हरळी आहे ती." घरी तुझ्याजवळ दुसरं काय होतं, बाय? जमीन भावजींच्या नावावर, मिनल तिच्या संसारात. गाव तुला ओळखायचं ते तुझ्या जिभेवरून. कुणाचं कोकमाचं आगळ असो, कुणाच्या पापडाचं पीठ असो, गावजेवणाची डाळ असो, "बायला दाखवा." ती जीभच त्या आगीच्या मधोमध होती.

तिसऱ्या आठवड्यात तोंड आलं. दोन दिवस तू पेजेच्या घोटालाही रडलीस. मिठाच्या नि सोड्याच्या पाण्याने दिवसातून सहा-सात वेळा गुळण्या करायच्या होत्या. ते पाणी मी करायचे. बघ, मिठाला हात लावायला मिळाला तो असा. एका सकाळी तू गुळणी केलीस, थांबलीस, परत घोट घेतलास आणि म्हणालीस, "मीठ घालायचं विसरलीस काय गो?" मी विसरले नव्हते. चांगला चमचाभर घातला होता. तू माझ्या तोंडाकडे बघितलंस आणि तुला कळलं. त्या दिवशी मी तुला चमच्याने पेज भरवली आणि "घे, एवढी संपव बघू तू," असं तोंडातून गेलं. तेव्हापासून तू तूच.

आता तो कोकमतेलाचा पराक्रम. हे मला केव्हाचं बोलायचं होतं. चौथा आठवडा. तुझी मान वांग्यासारखी काळी पडलेली, कानाखाली साल निघायला लागलेली. डॉक्टरीणबाईने बजावून सांगितलं होतं, आम्ही देऊ त्याशिवाय काही लावायचं नाही, आणि मशीनखाली येताना तर काहीच नाही. पण मी पडले कोकणातली. पायाला भेग पडली, कोकमतेल. हात भाजला, कोकमतेल. घरून येताना गोळा आणलाच होता. सकाळी तो चमच्यात वितळवला आणि तुझ्या मानेवर असा चोपडला की काय विचारू नकोस. तू म्हणत होतीस, "नको गो, ओरडतील." मी म्हटलं, त्या शिकलेल्यांना काय कळतंय आपलं औषध!

मुखवटा बसवणाऱ्या पोराचे हात बुळबुळीत झाले आणि चोरी पकडली गेली. डॉक्टरीणबाई आली ती लालबुंद होऊन. म्हणाली, असा जाड थर अंगावर असला की किरणांचा मार वरच्या कातडीवर जास्त बसतो. जी कातडी वाचवायला आम्ही धडपडतो, तीच तुम्ही भाजायला निघालात. "कोणी लावलं हे?" मी गुपचूप पदराला हात पुसले. तुला तोंडातल्या फोडांनी बोलवत नव्हतं. तू नुसतं बोट उचललंस आणि स्वतःच्या छातीवर ठेवलंस. सगळी बोलणी तू खाल्लीस. आधी पण दोन-तीन दिवस मी थोडंथोडं लावलं होतं, ते मी कुणाला सांगितलंच नाही. नंतर कानाखाली कातडी फुटली आणि भरून आली तरी तिथे दोन बोटांएवढा चकचकीत डाग राहिला. तो त्या तेलानेच पडला की पडायचाच होता, देव जाणे. पण सहा वर्षं तुझी वेणी घालताना तो डाग रोज माझ्यासमोर यायचा, आणि रोज वाटायचं, आज बोलावं. एकदाही बोलले नाही. माझं चुकलं, बाय. घे, सोळा दिवस उशिरा का होईना.

गाठ गेली. खरंच गेली. डॉक्टरीणबाई म्हणाली, "मावशी, वाफा साफ." पण बांधावर आग फिरलेली होती, ती आपण घरी घेऊन आलो. मानेमागचे केस गळाले. मान लाकडासारखी ताठ झाली, मागून हाक मारली की तू भिंतीसारखी आख्खी वळायचीस. तोंड उघडायचा व्यायाम म्हणून आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, रोज एक काडी वाढवायची. अंगणात बसून तू काड्या धरायचीस आणि मी कुल्फी खायचे, कारण काड्या कुठून तरी यायला हव्यात ना! आणि तोंड कोरडं ठाक. मिरीचा वेल काही उभा राहिला नाही. पाण्याची बाटली कमरेला लागली ती लागलीच. भाकरी साराशिवाय उतरेना. तू म्हणायचीस, "जन्मभर लोकांच्या नावाने थुंकले, आता थुंकायला थुंकी नाय." हे तू भर हळदीकुंकवात म्हणालीस. बायका हसून हसून लोळल्या.

आणि तो मुखवटा! दवाखान्यातून मागून आणलास. मला वाटलं, आठवण म्हणून. तू त्याला काठीवर खोचलंस, खाली जुनं पोलकं घातलंस आणि परसातल्या भेंडीच्या वाफ्यात उभं केलंस, वानरांसाठी. चार दिवस वानरं फिरकली नाहीत. भावजी पण परसात जाईनात, म्हणाले, एक घरात पुरे आहे. पाचव्या दिवशी बघतो तर एक थोराड वानर तो मांडीवर घेऊन बसलेलं आणि तुझ्या नाकाच्या जाळीतून भेंडी आत घालतंय, बाहेर काढतंय. तू ताठ मानेने इतकी हसलीस की मला पाणी घेऊन धावावं लागलं. "बघ गो," म्हणालीस, "मला भरवतोय तो."

एवढं सगळं हसण्यावारी नेलंस. चव मात्र नाही नेलीस.

घरी आल्यावर पहिलं कालवण तू केलंस. मी वाटण दिलं आणि बाजूला झाले. तू बरणी उघडलीस, मीठ टाकलंस, थेंब तळहातावर घेतलास, जिभेला लावलास. थांबलीस. परत थोडं टाकलंस. परत थेंब. परत मीठ. "हां" आलंच नाही. पाटावर बसल्यावर पहिला घास घेतला आणि मला ते सुरमईचं कालवण आठवलं. भावजींच्या डोळ्यांत पाणी आलं. तू आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होतीस. मी म्हटलं, "झकास!" आणि भुरका मारला. भावजी गुमान जेवले.

अठरा वर्षं मला ती बरणी हवी होती. त्या दिवशी हात लांब केला असता तर मिळाली असती, तू दिली असतीस. पण अशी नको होती गो. तुझी जीभ जळली म्हणून मला बरणी? मी मनाशी ठरवलं, जोवर जमेल तोवर मिठाचा हात तुझाच.

दुसऱ्या दिवसापासून तू मीठ कमी घालायला लागलीस. मला वाटलं, कळत नाही म्हणून घाबरत घालतेय. तू मीठ टाकायचीस, थेंब घ्यायचीस, "हां" म्हणायचीस आणि परसात कोथिंबीर आणायला जायचीस. तेवढ्यात मी बरणी उघडायची, राहिलेलं मीठ टाकायचं, थेंब तळहातावर घेऊन बघायचं आणि झाकण बसवून साळसूद उभं राहायचं. सुरुवातीला कधी जास्त पडे, कधी कमी. हळूहळू हात बसला. तू कोथिंबिरीच्या चार काड्या घेऊन यायचीस, आणि मला मेलीला वाटायचं, काय बाई आपण हुशार! थोरलीला कळू न देता घर सांभाळतोय. देवापुढे दिवा लावताना मी तुझ्या जिभेसाठी मागणं मागायचे आणि मग स्वयंपाकघरात जाऊन चोरी करायचे. दर वर्षी आंब्याच्या दिवसांत तू फोड तोंडात घालायचीस आणि म्हणायचीस, "औंदा आंब्यात दम नाय." घराजवळचा तो हापूस, साखरेसारखा! मी तोंड फिरवून डोळे पुसायचे. म्हणायचे, नाहीच आली अजून.

त्या दिवशी दुपारी बांगड्याचं तिखलं होतं. तू मीठ घातलंस, कोथिंबिरीला गेलीस, मी माझं काम केलं. जेवलीस पोटभर. वाटी तोंडाला लावून शेवटचा घोट घेतलास आणि म्हणालीस, "आज बेतानं पडलं गो." मी मनात हसले. म्हटलं, बिचारी, स्वतःच्या मिठाची तारीफ करतेय. मग तू पडवीत आडवी झालीस. चहाला हाक मारायला आले तर तू गेलेली होतीस. कॅन्सरला काही जमलं नाही तुला न्यायला, तू आपली जेवून-खाऊन, तुझ्या वेळेने गेलीस. ते बरं केलंस. पण मला सांगायचं राहून गेलं. बाय, मी सहा वर्षं चोरून मीठ घालत होते, हे मला तुझ्या कानात सांगायचं होतं. सोळा दिवस तेच डोक्यात होतं. भावजींना वाटायचं मी तुझ्यासाठी रडतेय. मी त्या मिठासाठी रडत होते.

आणि काल संध्याकाळी सुगंधा आली. हातात कोकमाच्या आगळाची बाटली. पायरीवर बसली आणि भोकाड पसरलं. "आता मीठ कोण सांगणार गो मला? दरवर्षी बाय बघायची."

मी म्हटलं, "दरवर्षी? अगो, आजाराच्या आधी बघायची. नंतर तिला कुठली चव!"

सुगंधा रडायची थांबली. मग पदर तोंडावर धरलान. "तुला नायच सांगितलान अजून? आग्गो बाय! तिची जीभ दुसऱ्या पावसाळ्यातच आली परत. गोड तेवढं तिला शेवटपर्यंत कळलं नाय धड. पण मीठ? मिठाचा दाणा कमी पडला तरी ओरडायची. वाडीतल्या सगळ्यांचे पापड, लोणची तीच बघत होती. आम्हाला शपथ घातलेली, रंजीला सांगायचं नाय म्हणून."

मी म्हटलं, "का पण?"

"म्हणायची, तिला कळलं तर लगेच बरणी मला परत देईल. मी आज हाय, उद्या नाय. हात बसायला वर्षं लागतात. आणि म्हणायची, चोरून मीठ घालताना तिचं तोंड बघायला पायजे, परसातनं मला खिडकीतून सगळं दिसतं. मांजर दूध पितं तशी दिसते."

बाय! खिडकीतून बघत होतीस? चार वर्षं? मी इथे देवापुढे दिवे लावतेय आणि तू परसात उभी राहून, तो मुखवटा एका बाजूला, तू एका बाजूला, दोघी मला बघताय! सुगंधा गेल्यावर मी तडक भावजींकडे गेले. "तुम्हाला माहीत होतं?" ते सुपारी कातरत होते. म्हणाले, "मला दोन वेळ जेवायचं होतं या घरात." एवढं बोलून परत सुपारी कातरायला लागले.

काल रात्रभर मी तुझ्यावर चिडले, हसले, परत चिडले. माझं सहा वर्षांचं पाप तू एका फटक्यात पुसलंस आणि वर मलाच चोर ठरवलंस. मला वाटत होतं, मी तुझी चव सांभाळतेय. तू माझा हात बनवत होतीस, आणि बरणी द्यायची ती अशी दिलीस की माझ्या लक्षातसुद्धा येऊ नये. तोंडाने म्हणाली असतीस "घे रंजे, आता तू घाल," तर काय जीभ झडली असती तुझी? असो. घेतली मी बरणी.

आज तेराव्यानंतर पहिल्यांदा घरात मासे आले. बांगडेच. मी वाटण वाटलं, कोकम टाकलं, सार उकळी धरायला लागलं. बरणी उघडली, चिमटीने मीठ टाकलं, मुद्दाम थोडं कमी. थेंब तळहातावर घेतला, "हां" म्हटलं आणि परसात कोथिंबीर आणायला गेले.

चार काड्या खुडायला मी बराच वेळ लावला. भेंडीच्या वाफ्यात तुझा मुखवटा वाऱ्याने हलत होता. मिनल तो काढून टाकूया म्हणत होती, मी हात लावू दिला नाही. तुझ्यासारखीच खिडकीशी उभी राहिले आणि आत बघितलं. चुलीपाशी कुणी नव्हतं. सार उकळत होतं.

मग आत आले आणि राहिलेलं मीठ मीच घातलं. बेतानं पडलं, बाय.